भिंत किती जाड, अन्ननलिका किती जवळ: अ‍ॅडास थ्रीडीचं परीक्षण

एटीएम कार्डाची जाडी साधारण पाऊण मिलिमीटर असते. हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्याची, म्हणजे डाव्या अलिंदाची भिंत काही जागी जवळपास तेवढीच पातळ असते आणि त्याच कप्प्यात दोन बोटं पलीकडे ती चार मिलिमीटर भरते. एट्रियल फिब्रिलेशन (एएफ) म्हणजे अलिंदाचे ठोके बेताल होण्याचा विकार. त्याच्या अ‍ॅब्लेशनमध्ये डॉक्टर शिरेतून कॅथेटर ही बारीक नळी आत नेऊन या भिंतीवर आतून ठिपक्या-ठिपक्यांनी जाळून डाग देत जातात. पातळ जागी जास्त उष्णता गेली तर ती भिंतीपलीकडे पोचते. जाड जागी कमी पडली तर डाग आरपार जात नाही आणि काही महिन्यांनी लय पुन्हा बिघडते. बार्सिलोनाचं अ‍ॅडास थ्रीडी हे सॉफ्टवेअर या भिंतीची जाडी सीटी स्कॅनवरून मोजून तिचा रंगीत नकाशा करतं आणि तो कॅथलॅबच्या, म्हणजे प्रक्रियेच्या खोलीतल्या, कॅथेटर कुठे आहे हे दाखवणाऱ्या मॅपिंग यंत्रात उतरवून देतं.

आमचं मत आधीच सांगतो. रेडिओफ्रिक्वेन्सीने, म्हणजे विद्युत लहरींच्या उष्णतेने, अ‍ॅब्लेशन करणाऱ्या केंद्राला हे साधन नक्की उपयोगाचं आहे, पण ‘आणखी कुठे जाळायचं’ हे शोधण्यासाठी नाही, तर ‘कुठे हात आखडता घ्यायचा’ हे कळण्यासाठी. आणि नकाशा खरा की खोटा, याचा अर्धाअधिक निकाल सॉफ्टवेअर उघडायच्या आधीच, सीटीच्या खोलीत लागलेला असतो.

थोडी पार्श्वभूमी. १९९८ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोच्या मिशेल हायसाग्वेर आणि सहकाऱ्यांनी ४५ रुग्णांच्या अभ्यासात दाखवून दिलं की या बेताल ठोक्यांची सुरुवात करणारी ९४ टक्के केंद्रं फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांच्या आत असतात. तेव्हापासून मूळ काम तेच राहिलं आहे: या शिरांच्या तोंडाभोवती डागांचं अखंड कडं घालायचं, म्हणजे आतली ठिणगी बाहेर येत नाही. कडं अखंड हवं, दोन डागांमधलं अंतर ६ मिलिमीटरपेक्षा जास्त नको, आणि प्रत्येक डाग भिंतीच्या आरपार हवा. अडचण एवढीच की या कड्याचा मागचा भाग अन्ननलिकेला चिकटून जातो.

अन्ननलिकेला भोक पडून ती अलिंदाशी जोडली जाणं ही या उपचारातली सगळ्यात भीषण गुंतागुंत. २०२३ मध्ये आलेल्या पॉटर-एएफ या जागतिक नोंदींच्या अभ्यासात ५,५३,७२९ प्रक्रियांमध्ये असे १३८ रुग्ण सापडले, म्हणजे ०.०२५ टक्के. आकडा छोटा वाटतो, पण त्यातले ६५.८ टक्के रुग्ण दगावले. रेडिओफ्रिक्वेन्सीत हे प्रमाण ०.०३८ टक्के होतं, तर थंडीने गोठवणाऱ्या क्रायोबलूनमध्ये ०.००१५ टक्के. भिंतीची जाडी आधी मोजण्याचा सगळा खटाटोप समजून घ्यायचा तर हे आकडे समोर हवेत.

आता मूळ साधनाकडे. सीटीची फाइल आत घेतली की अलिंदाची आतली कड, म्हणजे डाय (सीटीत रक्त उजळ दिसावं म्हणून शिरेतून देतात ते द्रव्य) भरलेल्या रक्ताची सीमा, सॉफ्टवेअर बरीचशी आपोआप आखतं. मग बाहेरची कड आखली जाते. दोन्हींमधलं अंतर म्हणजे जाडी. ती रंगांत दिसते: १ मिलिमीटरच्या खाली लाल, १ ते २ पिवळा, २ ते ३ हिरवा, ३ ते ४ निळा, ४ च्या वर जांभळा. शेजारी अन्ननलिका वेगळी आखून तिचं भिंतीपासूनचं अंतरही रंगात दाखवता येतं. हे सगळं कार्टो, एनसाइट किंवा रिदमिया या मॅपिंग यंत्रांत पाठवता येतं. त्यामुळे कॅथेटरचं टोक ज्या जागेवर टेकलं आहे, तिथला रंग त्याच क्षणी पडद्यावर दिसतो. खालच्या डाव्या कप्प्यातले व्रण शोधून व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डियाच्या, म्हणजे खालच्या कप्प्यांतून उठणाऱ्या अतिवेगवान ठोक्यांच्या, वाटा दाखवणारा भागही यात आहे. तो स्वतंत्र परीक्षणाचा विषय आहे.

रंगांचा उपयोग कसा करायचा, याची पद्धत बार्सिलोनाच्याच गटाने २०२२ मध्ये मांडली. रेडिओफ्रिक्वेन्सीमध्ये कॅथेटरचा दाब, वेळ आणि वॉट यांचा मेळ घालून ‘अ‍ॅब्लेशन इंडेक्स’ नावाचा एक आकडा निघतो. आकडा जितका मोठा, तितका डाग खोल. प्रचलित पद्धतीत मागच्या भिंतीवर ४०० आणि पुढच्या भिंतीवर ५५० असं सरसकट लक्ष्य धरलं जायचं. बार्सिलोनाच्या पद्धतीत लक्ष्य रंगावर ठरतं: लाल जागी ३००, पिवळ्या जागी ३५०, हिरव्या जागी ४००, निळ्या जागी ४५०. शिवाय जाड जागा टाळून पातळ भिंतीवरून जाईल अशी कड्याची रेषाच वळवून घ्यायची. पॅरॉक्सिस्मल म्हणजे येऊन-जाऊन होणाऱ्या एएफच्या ९० रुग्णांवर हे केलं गेलं. त्यांच्या भिंतीची सरासरी जाडी १.२५ मिलिमीटर भरली. डाग देण्याचा एकूण वेळ साधारण १४ मिनिटं, पूर्ण प्रक्रियेचा साधारण ५९ मिनिटं. मोठी गुंतागुंत एकही नाही, आणि सरासरी १६ महिन्यांनंतर ९३.३ टक्के रुग्णांत एएफ परतला नव्हता.

हे आकडे बोलके आहेत. सरासरी जाडी सव्वा मिलिमीटर असताना पुढच्या भिंतीवर सरसकट ५५० देणं म्हणजे बऱ्याच जागी गरजेपेक्षा कितीतरी जास्त जाळणं. पण दोन गोष्टी विसरून चालणार नाहीत. हा एकाच केंद्राचा, हात बसलेल्या लोकांचा आणि तुलनेसाठी दुसरा गट नसलेला अभ्यास होता. आणि रुग्ण येऊन-जाऊन एएफवाले होते. आपल्याकडे संधिवाती तापाने मायट्रल झडप आकसलेले एएफचे रुग्ण भरपूर आहेत. त्यांचं अलिंद वर्षानुवर्षं दाबाखाली ताणलेलं, भिंत व्रणांनी भरलेली असते. अशा भिंतीवर तीच ३००-३५०-४००-४५० ची शिडी डोळे मिटून लावायची, याला या अभ्यासाचा आधार नाही.

आता सीटीच्या खोलीत येऊ, कारण खरं पाणी इथेच मुरतं.

साधा हिशोब आहे. सीटीचं चित्र ५१२ बाय ५१२ चौकटींचं असतं. तंत्रज्ञाने संपूर्ण छाती मावेल असं ३५० मिलिमीटरचं क्षेत्र घेतलं तर एक चौकट ०.६८ मिलिमीटरची होते. फक्त हृदयापुरतं २०० मिलिमीटरचं क्षेत्र धरून चित्र पुन्हा बांधलं तर ती ०.३९ वर येते. एक मिलिमीटरची भिंत पहिल्या चित्रात दीड चौकटीची, दुसऱ्यात अडीच चौकटींची. दीड चौकटीत लाल आणि पिवळ्यातला फरक ठरवायचा म्हणजे अंदाजपंचे. मूळ स्कॅन तोच, रुग्णाला जादा किरणं नाहीत, जादा डाय नाही, फक्त पुनर्बांधणीचं क्षेत्र बदललं. तरीही ‘पीव्ही मॅपिंग’ (फुप्फुसशिरांचा नकाशा) एवढंच लिहिलेल्या चिठ्ठीवर अनेकदा छातीचंच नेहमीचं क्षेत्र वापरून फाइल येते. चिठ्ठीवर स्पष्ट लिहावं: हृदयापुरतं क्षेत्र, ०.६ मिलिमीटरच्या आसपासचे काप, एकमेकांवर थोडे चढवलेले, आणि चित्र फार गुळगुळीत करणारा फिल्टर नको. गुळगुळीत चित्र डोळ्यांना सुबक दिसतं, पण कड पसरते आणि भिंत आहे त्यापेक्षा जाड मोजली जाते. जाड मोजली की लक्ष्य वाढतं. म्हणजे चूक नेमकी धोक्याच्या बाजूला झुकते.

डायचं गणितही नेमकं हवं. उजव्या हाताच्या कोपरातल्या शिरेत हिरवी १८ नंबरची सुई, नाहीच जमलं तर गुलाबी २०. साधारण ६० ते ८० मिली डाय सेकंदाला ४ ते ५ मिली वेगाने, आणि मागून सलाईन. डावा हात शक्यतो नको, कारण तिकडची शीर हृदयाच्या वरून आडवी जाते आणि घट्ट डायचे चरे चित्रात उतरतात. स्कॅन डाव्या अलिंदात डाय पोचल्यावर सुरू व्हायला हवा. मूत्रपिंडं कमजोर असतील तर क्रिएटिनिनवरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडं रक्त किती गाळतात याचा आकडा, बघितल्याशिवाय डाय देऊ नये. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांनी ती कधी थांबवायची हे आधी विचारून घ्यावं.

ठोके बेताल असतानाच स्कॅन करावा लागणं ही नित्याची बाब. ईसीजीवर दोन ठोक्यांमधल्या अंतराच्या ‘७५ टक्के’ असा ठरावीक टप्पा धरला तर प्रत्येक ठोक्याला तो वेगळ्या ठिकाणी पडतो आणि भिंतीला पायरी आल्यासारखी दिसते. अशा वेळी ईसीजीवरच्या आर लाटेनंतर (ठोक्याच्या उंच टोकानंतर) साधारण २५० ते ३०० मिलिसेकंदांचा, म्हणजे खालचे कप्पे आकुंचन संपवत असतानाचा क्षण बरा. तेव्हा अलिंद भरलेलं असतं आणि ठोका लांब असो की आखूड, हा क्षण फारसा सरकत नाही.

आणि श्वास. सीटीच्या खोलीत सवयीने सूचना येते: ‘खोल श्वास घ्या, धरून ठेवा.’ खोल श्वासाला पडदा खाली उतरतो, हृदय लांबट होतं, खालच्या फुप्फुसशिरांचा कोन बदलतो. कॅथलॅबच्या टेबलावर रुग्ण संथ, उथळ श्वास घेत असतो. मग सीटीतलं अलिंद आणि टेबलावरचं अलिंद एकमेकांवर बसतच नाहीत. वरच्या शिरा जुळवल्या की खालच्या सुटतात. सूचना हवी ती ‘श्वास सोडा, थांबा’ ही. ही तालीम स्कॅनच्या आधी दोनदा करून घेतली तर पुढचा अर्धा तास वाचतो.

चांगली फाइल हाती आली की सॉफ्टवेअरचं काम समाधानकारक आहे. आतली कड बहुतेक वेळा विश्वासाने घेता येते. बाहेरची कड मात्र हाताने तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये, विशेषतः मागच्या भिंतीवर. अलिंद आणि अन्ननलिका यांच्यात चरबीचा पातळ थर असतो आणि सीटीवर तो काळसर रेघेसारखा दिसतो. ती रेघ असेल तिथे भिंत कुठे संपते हे कळतं. सडपातळ रुग्णांत ती रेघच नसते. मग अलिंदाचा स्नायू आणि अन्ननलिकेचा स्नायू एकाच करड्या पट्ट्यात मिसळतात आणि कोणत्याही सॉफ्टवेअरला अन्ननलिकेचा थोडा भाग भिंतीत धरण्याचा मोह होतो. नकाशावर तिथे हिरवा पट्टा उमटतो. मागच्या भिंतीवर, नेमकं अन्ननलिकेच्या वाटेवर, अचानक हिरवं दिसलं तर ते जाडी म्हणून घेऊ नये. आडव्या कापात जाऊन ती जागा डोळ्यांनी पाहावी, आणि शंका राहिली तर पातळ समजून चालावं. डाव्या शिरा आणि अलिंदाचा कानासारखा फुगवटा, म्हणजे अपेंडेज, यांच्यामधल्या कडेवर उलट अनुभव येतो: तिथली भिंत खरोखर घडी पडल्यासारखी जाड असते. तिथला हिरवा-निळा रंग खरा मानावा.

नकाशा यंत्रात उतरवल्यावर तो टेबलावरच्या अलिंदाशी जुळवावा लागतो. कॅथेटरने कप्प्यातून फिरून काढलेला साचा बहुतेक वेळा थोडा मोठा येतो, कारण टोक भिंतीला बाहेर ढकलतं. फक्त पृष्ठभाग जुळवायला सांगितलं तर सीटीचं मॉडेल आत गोल फिरू शकतं आणि सरासरी फरक तरीही चांगला दिसतो. म्हणून आधी दोन शिरांमधला दुभाजक आणि अपेंडेजची कड अशा खुणा जुळवाव्यात, मगच पृष्ठभाग. सरासरी फरक २-३ मिलिमीटर आला म्हणून निर्धास्त होऊ नये. भिंतच एक-दोन मिलिमीटरची आहे. रंगांच्या सीमेवर टोक असेल तर दोन रंगांपैकी पातळ बाजूचं लक्ष्य धरणं शहाणपणाचं. सीटी आणि अ‍ॅब्लेशन यांच्यात बरेच आठवडे गेले, मधल्या काळात लय बदलली, किंवा प्रक्रियेत कॅथेटरच्या सलाईनने शरीरात पाणी वाढलं, तर अलिंदाचा आकारही बदलतो.

अन्ननलिकेच्या अंतराचा नकाशा या पॅकेजमधला सगळ्यात आवडीचा भाग म्हणावा लागेल. कड्याची मागची रेषा अर्धा सेंटिमीटर सरकवली की अन्ननलिका टळते का, हे आदल्या दिवशीच बसून ठरवता येतं. पण अन्ननलिका मऊ नळी आहे. भूल दिल्यावर, नळी घातल्यावर, गिळताना ती बाजूला सरकू शकते. म्हणून तापमानाची प्रोब किंवा त्या दिवशीची दुसरी खातरजमा या नकाशामुळे रद्द होत नाही.

याच सॉफ्टवेअरमध्ये एमआरआयवरून अलिंदातले व्रण दाखवायचीही सोय आहे. गॅडोलिनियम हे एमआरआयचं डाय दिल्यावर उशिराने घेतलेल्या चित्रात भिंतीची चमक रक्ताच्या चमकेने भागतात. बार्सिलोनाच्या गटाने १.२० च्या वर व्रण आणि १.३२ च्या वर दाट व्रण अशा रेषा ठरवल्या. अमेरिकेतल्या युटा गटाची पद्धत वेगळी. तिथे एकूण भिंतीपैकी १० टक्क्यांखाली पहिली पायरी, १० ते २० दुसरी, २० ते ३० तिसरी आणि ३० च्या वर चौथी. त्यामुळे एका केंद्राचे ‘२२ टक्के’ दुसऱ्या केंद्राच्या २२ टक्क्यांशी ताडून बघू नयेत. रोग किती मुरला आहे याचा अंदाज बांधायला हा नकाशा बरा. पण त्यावरून जादा डाग द्यायला आमचा स्पष्ट विरोध आहे. डेकाफ-२ या २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ८४३ रुग्ण होते. निम्म्यांना नेहमीचं कडं, निम्म्यांना कडं आणि शिवाय एमआरआयवर दिसलेल्या व्रणांवर डाग. बेताल लय परतण्याचं प्रमाण जादा डागांच्या गटात ४३.० आणि नुसत्या कड्याच्या गटात ४६.१ टक्के, म्हणजे ठोस फरक नाही. उलट जादा डाग दिलेल्या गटात ६ जणांना पक्षाघात झाला, दुसऱ्या गटात एकालाही नाही. चित्रात चमकतंय म्हणून जाळायचं, हा उत्साह इथे रुग्णांना महागात पडला. जुन्या कड्यात कुठे फट राहिली आहे हे दुसऱ्या वेळच्या प्रक्रियेआधी बघायला मात्र हाच एमआरआय कामी येतो.

पल्स्ड फील्ड अ‍ॅब्लेशन आल्यावर हे सगळं कालबाह्य झालं का? काही अंशी हो. त्यात उष्णतेऐवजी विजेच्या अतिसूक्ष्म ठोक्यांनी पेशींच्या पडद्याला छिद्रं पाडतात आणि अन्ननलिका बरीच वाचते. मॅनिफेस्ट-१७के या १७,६४२ रुग्णांच्या नोंदीत अन्ननलिकेची गंभीर इजा एकही नव्हती. तिथे रंगीत जाडीनकाशाची निकड कमी होते. पण शिरा किती, एकत्र सामाईक खोड आहे का, तोंड किती रुंद, उजवीकडे मधली जादा शीर आहे का, कोरोनरी धमनी किती जवळून जाते, हे प्रश्न उरतातच. त्याच नोंदीत कोरोनरी धमनीचा आकडी आल्यासारखा आकस ०.१४ टक्के रुग्णांत दिसला. क्रायोबलूनवाल्यांसाठीही शिरेच्या तोंडाचं माप आणि श्वासाचा पडदा हलवणाऱ्या उजव्या फ्रेनिक नर्व्हची वाट जाडीपेक्षा मोलाची. फक्त बलून किंवा पल्स्ड फील्ड वापरणाऱ्या केंद्राने केवळ जाडीसाठी हे पॅकेज घेऊ नये. मॅपिंग यंत्रासोबत मिळणारी साधी सीटी-जोडणी त्यांना पुरते.

तुलनेला बोर्दोची इनहार्ट ही सेवा आहे. तिथे चित्रं पाठवायची आणि तयार मॉडेल परत घ्यायचं. स्वतःचा माणूस तयार करायची गरज नाही, हा तिचा मोठा फायदा. अ‍ॅडासमध्ये काम आपल्या हातात राहतं. म्हणून मागच्या भिंतीवरचा तो खोटा हिरवा पट्टा आपण स्वतः पकडू शकतो, पण त्यासाठी चित्र वाचणारा डोळा केंद्रातच घडवावा लागतो. महिन्याला दोन-चार अ‍ॅब्लेशन करणाऱ्या ठिकाणी तो डोळा तयार होणं कठीण. तिथे सेवा बरी.

एक गोष्ट या नकाशात दिसत नाही आणि ती वेगळी तपासावी लागते: अपेंडेजमधली गुठळी. डाय पहिल्या फेरीत तिथे पोचलीच नाही तर साधी संथ धारही गुठळीसारखी काळी दिसते. मिनिटभरानंतर तेवढ्याच भागाचा दुसरा स्कॅन घेतला आणि काळा डाग भरून आला तर बहुधा गुठळी नाही. भरला नाही तर अन्ननलिकेतून केलेल्या इकोशिवाय पुढे पाऊल टाकू नये. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे म्हणून ही पायरी गाळायची नाही.

रुग्णांनी आणि घरच्यांनी आपल्याकडे ठेवायची वस्तू म्हणजे या सीटीची सीडी किंवा पेनड्राइव्ह. रिपोर्टचा कागद पुरत नाही. पॉटर-एएफमध्ये लक्षणं दिसायला साधारण १८ दिवस (मध्यक) लागले होते, म्हणजे रुग्ण घरी जाऊन कामाला लागलेला असतो. अ‍ॅब्लेशननंतरच्या आठवड्यांत ताप, थंडी, गिळताना दुखणं, छातीत कळ किंवा हातपाय लुळे पडणं यातलं काहीही झालं तर जवळच्या डॉक्टरला पहिल्या वाक्यात ‘अ‍ॅब्लेशन झालंय’ हे सांगावं, आणि ज्या केंद्रात प्रक्रिया झाली तिथे त्याच दिवशी फोन करावा. अशा रुग्णाला आधी डाय देऊन छातीचा सीटी. तोंडातून दुर्बीण घालायची नाही, कारण दुर्बिणीतून फुंकलेली हवा त्या भोकातून हृदयात आणि तिथून मेंदूत जाऊ शकते. नव्या सीटीत अलिंदाच्या मागे हवेचा बारीक बुडबुडा आहे की नाही, हे ओळखताना प्रक्रियेआधीचा तोच स्कॅन शेजारी लावता आला तर निर्णय मिनिटांत होतो.